वाटेवरचे चार गोटे

डॉ. नरहर वैरागडे यांनी शस्त्रक्रिया विभागासाठी अर्ज केला तो ३ मार्च १९५५ रोजी. आपण त्या कामाचे नाही, हे त्यांनी ठरवले १९ एप्रिलला. मधल्या सत्तेचाळीस दिवसांत त्यांच्या टेबलावर चार गोटे होते, एवढी गोष्ट सोडली तर बोरगट्ट्याच्या दवाखान्यात नवीन असे काहीच नव्हते. आणि गोट्यांकडे कोण बघतो?

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि एक कडुलिंब. गोंडपिपरीहून सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी मोटार यायची आणि दुपारी दोन वाजता टपालाची थैली घेऊन परत जायची. अशा ठिकाणी दोन वर्षे काढलेल्या डॉक्टरला नागपूरच्या मोठ्या इस्पितळात हाउसमनच्या, म्हणजे शिकाऊ डॉक्टरच्या, जागेसाठी अर्ज करता येत असे. अर्जात विभाग एकच लिहायचा. नंतर मन बदलले तर विभाग बदलण्याचा वेगळा नमुना भरायचा. तो ३१ मेपर्यंत कार्यालयात पोचला तर ठीक, नाहीतर पहिला विभाग कायम. सर्जन व्हायचे हे डॉक्टरांनी कॉलेजच्या पहिल्याच वर्षी ठरवले होते, आणि त्यानंतर आयुष्यात दुसरे काहीच ठरवले नव्हते. लग्नसुद्धा.

आता गोट्यांचे. फेब्रुवारीच्या अखेरीस डॉक्टर देवीच्या लसीसाठी कुरुमगुड्याला गेले होते. त्या वाटेवर सडकेचे काम चालू होते आणि फर्लांगाफर्लांगावर गिट्टीचे ढीग पडले होते. सागाच्या दाटीत, जिथे वाट वळते, तिथे एक ढीग जरा जुना दिसला. त्याच्या माथ्यावर चार गोटे होते. तीन गुळगुळीत, हाताला लोण्यासारखे लागणारे, आणि चौथा काळा, थोडा मोठा, मधोमध किंचित खोलगट. दवाखान्यात पंखा नव्हता पण वारा होता, आणि सरकारी सामानाच्या यादीत पेपरवेट नव्हते. डॉक्टरांनी चारही गोटे उचलले.

गाडीवान वारलू खाली उतरून झाडाकडे तोंड करून उभा होता. तो म्हणाला, "राहू द्या न सायेब. जड होते."

"बैलांना?"

"बैलाईले नाई," वारलू म्हणाला, आणि गाडी हाकायला बसला.

सरकारी मालाच्या बाबतीत डॉक्टर फार काटेकोर. त्यांनी परत आल्याबरोबर सडकेच्या ओव्हरसियरना पत्र लिहिले, की आपल्या ढिगातील चार गोटे कार्यालयीन कामासाठी घेतले आहेत, नोंद व्हावी. कंपाउंडर मुखरूने गोट्यांना पांढरा रंग देऊन त्यांवर लाल आकडे घातले. एक ते चार. मुखरू राजुऱ्याचा, त्याला त्या वाटेची माहिती नव्हती.

शस्त्रक्रियेच्या अर्जाची नक्कल एक नंबरच्या गोट्याखाली गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लटारू आला. हा जंगलात लाकडे तोडणारा. डाव्या घोट्यावर कुऱ्हाडीची जखम, चार बोटे लांब, रक्त अजून वाहत होते.

"कधी लागलं?" डॉक्टरांनी विचारले.

"तीन साल झाले जी."

"मग इतके दिवस काय करत होता?"

"काय करू? बरी झाली होती. काल पुना आली."

"आली म्हणजे?"

"गेली होती, थे आली," लटारू म्हणाला. यापेक्षा सोपे करून कसे सांगावे, हे त्याला कळेना.

जखम ताजी होती. जुन्या व्रणाचा कुठे मागमूस नव्हता. डॉक्टरांनी रजिस्टरमध्ये 'रुग्ण तारखांच्या बाबतीत भरवशाचा नाही' असा शेरा मारला. आठ दिवसांत तो शेरा त्यांना चौदा वेळा मारावा लागला. कोणाला अस्वलाचा पंजा, कोणाला रानडुकराचा सुळा, कोणाला विळा. सगळे कुरुमगुड्याच्या पलीकडचे, सगळ्यांची जखम जुनी, आणि सगळे एकच वाक्य बोलत. पाचव्या माणसाला टाके घालताना डॉक्टरांच्या उजव्या हाताला थरथर सुटली. नवव्याला सुईत दोरा जाईना. चौदाव्याच्या वेळी डॉक्टरच खाली कोसळू लागले.

पडताना त्यांना रुखमाबाईंनी धरले. रुखमाबाई या दवाखान्यातल्या दाई, पन्नाशीच्या, कुरुमगुड्याकडच्याच. त्यांनी एका हाताने डॉक्टरांना सावरले, दुसऱ्या हाताने टाका पुरा केला, आणि मग दोघांपैकी कोणाला आधी पाणी द्यावे याचा विचार केला. त्यांनी पेशंटला आधी दिले. डॉक्टरांना चक्कर येण्यापेक्षा ते जास्त लागले.

उन्हामुळे झाले, असे मुखरूने गावात सांगितले. ते दिवस मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातले होते, पण लोक समजूतदार होते. हाताची थरथर मात्र गेली नाही. चहाची कपबशी वाजू लागली, दाढी करताना रक्त येऊ लागले, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत डॉक्टरांनी पेन्सिलसुद्धा डाव्या हाताने धरायला घेतली. समोरच्या घरातल्या हेडमास्तरीणबाई वच्छलाबाई हे सगळे खिडकीतून बघत होत्या.

"डोळ्याचं घ्या डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आमच्या मावसभावाचे साडू डोळ्याचे आहेत आर्वीले. दिवसभर खुर्चीवर बसून राह्यते माणूस. आणि पडला बी, तरी पेशंटले दिसत नाई."

सल्ल्याचा शेवटचा भाग डॉक्टरांना आवडला नाही, पण पहिल्यात तथ्य होते. १९ एप्रिलला त्यांनी नमुना भरला, विभागाच्या जागी 'नेत्ररोग' लिहिले, मूळ कागद टपालात टाकला आणि नक्कल दोन नंबरच्या गोट्याखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच ओसरीवर एकोणीस माणसे बसली होती. कोणी डोळ्यांना फडके बांधलेले, कोणाचे डोळे सुजून मिटलेले. नवल त्याचे नव्हते. डॉक्टर कडुलिंबाच्या बाजूने आले, दाराचे कुलूप काढले, खाकरले, पण एकही तोंड त्यांच्याकडे वळले नाही. काही दिसत नसलेली ती सगळी माणसे एकाच दिशेला बघत होती. टेबलाच्या खोलीच्या खिडकीकडे.

रांगेत पहिली सोमारी होती. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू.

"कधीपासून?"

"दहा साल झाले, चांगलं दिसून राह्यलं होतं. कालच्यान झाकण पडलं."

"मोतीबिंदू एका दिवसात पिकत नाही, बाई."

"हो न," सोमारी म्हणाली. तिचेही तेच म्हणणे होते.

"इथे यायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाई. इकडूनच दुखून राह्यलं," ती म्हणाली, आणि बोट खिडकीकडे केले. मागच्या अठरा जणांनी माना डोलावल्या.

२ मे रोजी नमुना परत आला. कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने लिहिले होते, 'कारण नमूद नाही.' त्याच थैलीत ओव्हरसियरांचे उत्तर होते. त्यांच्या दप्तरी त्या वळणावर गिट्टीचा ढीगच नव्हता. सदर ढीग कोणाच्या हुकमाने व कोणत्या साली घातला गेला याचा खुलासा डॉक्टरांनी करावा, असे त्यांनी कळवले होते. डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचले, ते फाइलला लावले, आणि त्यांना एकदम थंडी वाजली. बाहेर एकशे बारा डिग्री होते.

आता डोळ्यांचा विचार संपलाच होता. पोस्टमास्तर सुकलूजींना गावातले कोणतेही पत्र पाकिटातूनच समजत असे; त्यांनी आपण होऊन सल्ला दिला. "छातीचं घ्या जी. थे नळी एकदा कानात घातली, का लोकाईचं बोलणं आयकाचं कामच नाई." डॉक्टरांनी 'छातीचे विकार' लिहिले. कारण दीड पान लिहिले, त्यात स्वतःच्या हाताचा उल्लेख येऊ नये म्हणून शरीररचनेपासून सुरुवात केली. नक्कल तीन नंबरच्या गोट्याखाली ठेवली.

या वेळी दुसऱ्या दिवशी एकच बाई आली. बुधरी तिचे नाव. छाती दुखते म्हणाली. डॉक्टरांनी नळी लावली. पुढून ऐकले, पाठीमागून ऐकले. फुप्फुसे स्वच्छ, हृदय घड्याळासारखे.

"केव्हापासून दुखते?"

"पोचू गेला तवापासून. पोरगा माह्या. नऊ साल झाले. मंग थांबलं होतं जी. काम करत होती, खात होती, हासत बी होती. आता वाटते का कालच गेला." तिने पदर नीट केला. "हे कायले परत आलं, डाक्टरसायेब? म्या त ठेवून आली होती."

कुठे ठेवून आली होती, हे डॉक्टरांनी विचारले नाही. विचारायला हवे होते. त्यांनी नळी गळ्यातून काढली, खोकल्याचे मिक्श्चर लिहून दिले, आणि लिहिताना आपल्याला लाज वाटते आहे हे त्यांच्या लक्षात आले. बुधरीने बाटली घेतली, शेजारी ठेवली आणि ओसरीवरच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी आणखी सहा जण आले. चौथ्या दिवशी ओसरी भरली. कोणी रडत नव्हते. भरलेल्या ओसरीवरून बारीक, एकसारखा आवाज मात्र यायचा, लांब कुठेतरी जाते फिरत असल्यासारखा. मुखरूने हिशेबाने औषध देणे थांबवले. वच्छलाबाईंनी खिडक्या लावून घेतल्या आणि तीन दिवस कोणालाही सल्ला दिला नाही.

२५ मेला नमुना परत आला. 'कारण एका ओळीत द्यावे.' ओव्हरसियरही मागे नव्हते. त्यांनी स्वतः जाऊन ढिगाची पाहणी केली होती, दोनशे बारा गोटे मोजले होते, आणि ढीग यापुढे सरकारी मालमत्ता म्हणून दाखल करून घेतला होता. नेलेले चार गोटे त्वरित जागेवर आणून ठेवावेत, म्हणजे दोनशे सोळाची नोंद कायम करता येईल, असे पत्रात होते.

डॉक्टरांना गोट्यांसाठी वेळ नव्हता. शुक्रवारी, २७ तारखेला, दोनच्या मोटारीने कागद गेला तरच तो ३१ मेपर्यंत नागपूरला पोचणार होता. शुक्रवारी सकाळी दहा वाजता त्यांनी डाव्या हाताने नमुना भरला. विभाग: विकृतिशास्त्र. म्हणजे काचेच्या पट्ट्या, बाटल्यांतले नमुने आणि शवचिकित्सा. कारण: 'या विभागातील रुग्णांस तक्रार नसते.' ओळ एकच होती आणि खरी होती. शाई वाळावी म्हणून त्यांनी कागद चार नंबरच्या गोट्याखाली ठेवला.

वारा थांबला. कडुलिंबाचे पानसुद्धा हलेना. ओसरीवरचा जात्याचा आवाजही बंद पडला. साडेअकराला डॉक्टरांनी बाहेर डोकावले तेव्हा ओसरी मोकळी होती. इतके दिवस हलायला तयार नसलेली सगळी माणसे कडुलिंबापलीकडे उन्हात जाऊन उभी होती. बाकावर एकच म्हातारा होता. मेच्या उन्हात अंगावर घोंगडी.

मुखरूने त्याला चिठ्ठी दिली होती. रजिस्टरमध्ये त्याने नियमाप्रमाणे विचारून लिहिले होते: नाव, आठवत नाही. गाव, वाटेवर. तक्रार, नाही.

डॉक्टरांनी म्हाताऱ्याला आत घेतले. मनगट हातात धरले. नाडी लागेना. आपल्याच बोटांचा दोष, असे मानून त्यांनी बोटे बदलली, मग हात बदलला. त्वचा गार होती, माठाच्या तळासारखी. नळी लावली. आत काहीच नव्हते. नादुरुस्त हृदय त्यांनी ऐकले होते. रिकामी खोली पहिल्यांदाच ऐकत होते. घोंगडी मानेवरून सरकली तेव्हा तिथे चार खड्डे दिसले, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला, कोरडे आणि फार जुने. डॉक्टरांना सवयीने अंतर मोजावेसे वाटले. मोजले. पूर्ण वाढलेला वाघ असावा.

"काय होतंय, बाबा?" त्यांनी विचारले.

"आता काई नाई होत जी," म्हातारा म्हणाला. "लोकाईचंच असते. थे ठेवून जाते, मी पाहून घेतो." त्याने मान चोळली. "पण डोकं टेकाले काई नाई राह्यलं. तीन महिने झाले. डोकं जमिनीले लागते."

त्याची नजर टेबलावर होती. डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीसाठी वळले, कारण दुसरे काय करावे ते सुचले नाही. पुन्हा वळून बघतात तर स्टुलावर फक्त एकतीस नंबरची चिठ्ठी होती. शेजारी सागाचे वाळलेले पान. मुखरू दारातच उभा होता. तो म्हणाला, बाहेर कोणी आले नाही.

तेवढ्यात रुखमाबाई आल्या. टेबलाच्या खोलीत त्या कधी पाऊल टाकत नसत. तिथे कागद असतात आणि कागदांशी आपले काही काम नसते, असे त्यांचे म्हणणे होते. आज त्या सरळ टेबलाशी गेल्या. उन्हाने गोट्यांवरचा रंग पापुद्रे धरून सुटत होता. रुखमाबाईंनी एक नंबरवरचा पापुद्रा नखाने काढला आणि हात मागे घेतला.

"हे इथी कसे आले?"

"गिट्टीच्या ढिगातले आहेत. मी पत्र दिलंय," डॉक्टर म्हणाले.

"गिट्टी नोहे जी थे. बुढ्याचे गोटे आहेत. वाटेनं जाताजाता वाघानं नेला होता त्याले, माह्या आजीच्याही आधी. त्याचं दुखणं संपलं, म्हणून आपलं त्याच्यापाशी ठेवाचं. जखमवाल्यानं हा गोटा जखमेले लावाचा, डोळेवाल्यानं हा डोळ्याले, आन् ज्याचं मन दुखते त्यानं हा छातीले. लावाचा आन् जागेवर ठेवून द्याचा, मांगं पाहाचं नाई. हात लागूलागू गुळगुळीत झाले थे." चौथ्याकडे त्यांनी बोटही दाखवले नाही. "त्याले कोणी हात नाई लावत. त्याच्या डोक्याखालचा आहे."

"पण फेब्रुवारीत आणले तेव्हा कोणाला काही झालं नाही," डॉक्टर म्हणाले. वाद घालताना त्यांना जरा बरे वाटत होते. "एकेक करून कसं झालं?"

"नुसता पडून असला त झोपून राह्यते. कामाले लावला का जागते," रुखमाबाई म्हणाल्या. "तुमी एकेकाले कामाले लावलं."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिले. साडेबारा. कुरुमगुड्याचे वळण सहा मैल. बैलगाडीने जायचे तर दोनच्या मोटारीच्या आत परत येणे शक्य नव्हते. कागद मुखरूच्या हाती पोस्टात पाठवायला मात्र कोणाची हरकत नव्हती. त्यांनी चौथ्या गोट्याखालून नमुना काढला. तो कागद नागपूरला जाईल, कोणीतरी त्यावर शिक्का मारील, आणि मग उरलेले सगळे आयुष्य त्यांच्यासमोर असेच रुग्ण येतील, ज्यांना तक्रार नसते. डॉक्टरांनी नमुन्याची घडी घालून खिशात ठेवली.

"मुखरू, गाडी बोलाव," ते म्हणाले. "ओव्हरसियरसाहेबांचा हुकूम आहे. सरकारी माल परत करायचा आहे."

भुताखेतांवर आपला विश्वास नाही, हे त्यांनी वाटेत रुखमाबाईंना दोनदा सांगितले. रुखमाबाई दोन्ही वेळा हो म्हणाल्या. वारलू गाडी हाकत होता आणि बैल मान खाली घालून चालत होते, रिकामी गाडी नसून चुनखडीने भरलेली असावी तसे. कोणाला निरोप गेला नव्हता, तरी वाटेच्या कडेला माणसे उभी होती. पाय बांधलेला लटारू. पोरीच्या खांद्यावर हात ठेवून सोमारी. बुधरी. गाडी पुढे गेली की ती मुकाट्याने मागे चालू लागत. सागाची पाने पायाखाली वाजायला हवी होती, वाजत नव्हती.

ढिगाशी पोचल्यावर डॉक्टरांनी आधी काळा गोटा मधोमध ठेवला, खोलगट बाजू वर करून. मग बाकीचे तीन. शेवटचा नीट बसला तसा वारा सुटला, आणि मागे कोणीतरी खोल श्वास सोडला. एका माणसाचा असायला तो फार मोठा होता. लटारूने पायाची पट्टी सोडून पाहिली आणि पुन्हा बांधली नाही. बुधरी म्हणाली, "येतो बाई, घरी काम आहे," आणि चालू लागली. तिने मागे पाहिले नाही.

"तुमचं काई ठेवाचं आहे?" रुखमाबाईंनी विचारले.

"माझं काही दुखत नाही."

"कपबशी वाजते थे?"

डॉक्टरांनी उजवा हात खिशात घातला. मग म्हणाले, "हाताच्या थरथरीचा गोटा यात कोणता?"

"तसा नाई. आजवर कोणाले लागला नाई. नाल्यातून नवा आणा."

सरकारी नोकरीतल्या वैद्यकीय पदवीधराने नाल्यात उतरून गोटा निवडला, हातावरून फिरवला आणि इकडेतिकडे पाहून ढिगावर ठेवला. त्या वेळी दोन वाजून गेले होते. लांबवर मोटारीचा भोंगा ऐकू आल्यासारखा वाटला; सहा मैलांवरून तो ऐकू येणे शक्य नव्हते. मागे न बघता ते गाडीत बसले.

विभाग बदलण्याचा नमुना खिशातच राहिला. ३० मे रोजी मोहाच्या झाडावरून पडलेला, मांडी उसवलेला एक माणूस दवाखान्यात आला. ही जखम त्याच दिवशीची होती, आणि डॉक्टरांनी तारीख तीनदा विचारून घेतली. एकोणीस टाके. रुखमाबाई पाठीमागे हात तयार ठेवून उभ्या होत्या. धरायची वेळ आली नाही. जूनमध्ये नागपूरचे बोलावणे आले: विभाग, शस्त्रक्रिया.

सामान बांधून झाले, वच्छलाबाईंनी नागपुरातल्या तीन मुलींचे पत्ते दिले, आणि निघायच्या आदल्या दिवशी सुकलूजी एक पाकीट घेऊन स्वतः आले. ओव्हरसियरांचे शेवटचे पत्र होते. चार गोटे मिळाले, आभार. मात्र फेरमोजणीत दोनशे सोळाऐवजी दोनशे सतरा भरले. एक गोटा जास्त असून तो नाल्यातला व नवीन दिसतो. सदर गोटा आपला असल्यास तीन दिवसांत उचलून न्यावा, म्हणजे नोंद बरोबर होईल.

चार गोटे उचलले म्हणून आपण होऊन पत्र लिहिणाऱ्या त्या माणसाने कोरा कागद पुढे ओढला. खिडकीतून वारा येत होता. कागद उडू नये म्हणून त्यांनी तो डाव्या हाताने दाबून धरला. उजव्या हाताने पेन घेतले आणि नोकरीत पहिल्यांदाच सरकारी कागदावर खोटे लिहिले.

'सदर गोट्याशी माझा काही एक संबंध नाही. तो आहे तेथेच असू द्यावा.'

अक्षर मोत्यासारखे आले होते.